घंटामावशीने दिलेली माहिती

घंटामावशीला आमच्या शाळेत येऊन किती वर्षं झाली हे कुणालाच नक्की सांगता यायचं नाही. तिच्या नोकरीचे जुने कागद वाळवीने खाल्ले. त्याआधी काही वर्षं ती याच शाळेत विद्यार्थिनी होती, हे तर बहुतेकांना ठाऊकच नाही. ठाऊक असतं तरी कुणाचं काही अडलं नसतं.

ती डोंगरातली. त्या काळी डोंगरातल्या मुलांना गाडीत घालून खाली आणायचे, शाळेमागच्या वसतिगृहात ठेवायचे, त्यांची डोकी भादरायचे आणि त्यांना माणसात आणायचे. हे शब्द माझे नाहीत, जुन्या अहवालातले आहेत. नियम एकच, पण कडक: आपली बोली बोलायची नाही. जो बोलताना सापडेल त्याने दिवसभर घंटेपाशी उभं राहून प्रत्येक तासाचे टोल द्यायचे. घंटा म्हणजे व्हरांड्यात तारेने टांगलेला रुळाचा तुकडा. मावशी इतक्या वेळा सापडली की तिचा हात बसला. सातवीत ती नापास झाली तेव्हा तिला घरी पाठवण्याऐवजी टोल द्यायलाच नोकरीवर ठेवून घेतलं. हा किस्सा आमच्या शिक्षकखोलीत प्रत्येक नव्या माणसाला आवर्जून सांगतात आणि सगळे हसतात. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू.

पुढे विजेची घंटा आली आणि मावशीच्या वाट्याला मुलींची स्वच्छतागृहं आली. नाव मात्र घंटामावशीच राहिलं.

मग वारं फिरलं. डोंगरी समाजाविषयी मुलांच्या मनात आदर निर्माण करावा, असा वरून आदेश आला. पंधरा दिवसांत एक पुस्तिका तयार करायची, ती वर्गावर शिकवायची आणि तिची परीक्षाही घ्यायची. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, हे काम माझ्या गळ्यात मारलं, कारण मी इतिहासाचा आणि माझं अक्षर बरं. डोंगर चढायचा तर माझे गुडघे बोलतात. म्हटलं, डोंगर रोज आपल्यासमोर फरशी पुसतोय की. मावशीला नकाशांच्या खोलीत बसवलं आणि तिच्यासाठी ठेवलेल्या कानतुटक्या कपात चहा दिला.

घरं कशी बांधतात, लग्नं कशी लावतात, हे तिने सावकाश, आठवून आठवून सांगितलं. मग मी विचारलं, "आणि तुमच्यात माणूस गेलं की काय करतात?"

मावशीने खिडकीबाहेर बघितलं. मग एकदम भराभरा बोलायला लागली. घरातली सगळी भांडी पालथी घालतात. थोरला मुलगा उलट्या पावलांनी घराला तीन फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीला घुबडासारखा घुमतो. मग बाकीचे घुमतात. मग मढं नदीत सोडतात.

माझा हात पळत होता. "मावशी, सोनं आहे हे सोनं."

"असेल," मावशी म्हणाली, आणि कप विसळायला घेऊन गेली.

पुस्तिका छापून झाली, आसपासच्या सगळ्या शाळांत गेली. माझा सत्कार झाला. पुष्पगुच्छांचं तबक धरून मावशीच उभी होती. मी हरभऱ्याच्या झाडावर असा चढलो की खाली काय चाललंय ते मला दिसेना.

खाली घुमणं चाललं होतं. वसतिगृहातली मुलं रांगेने वर्गात आली की मागच्या बाकावरून कुणीतरी घुमायचं. जेवणघरात घुमायचे. एका डोंगरी मुलीला चार जणींनी व्हरांड्यात टोकापासून टोकापर्यंत उलटं चालवलं. उशिरा लक्षात आल्यावर मी मोठ्या बाईंच्या कानावर घातलं तर त्या म्हणाल्या, "निदान धडा वाचलाय म्हणायचा पोरांनी."

ती उलटी चालवलेली मुलगी म्हणजे मावशीची नात. वसतिगृहात तिला काडी म्हणत. अंगाने काडीच, आणि पेटायलाही तशीच. दहावीला होती. तिची आई, मावशीची एकुलती एक मुलगी, त्याच वर्षी डोंगरात तापाने गेली होती. औषध वर पोचेपर्यंत उशीर झाला, आणि तेव्हापासून काडीने नर्स व्हायचं मनात घेतलं होतं. डोंगरी मुलींसाठी नर्सिंगच्या शाळेत एक जागा राखीव होती आणि तिचे गुण चांगले होते. अट एवढीच, की प्रत्येक विषयात पास पाहिजे. माझी पुस्तिकाही आता एक विषय होती.

सगळ्यात जास्त गुणांचा प्रश्न मीच काढला: डोंगरी समाजाच्या अंत्यविधीचे सविस्तर वर्णन करा. काडीने दोन ओळी लिहिल्या होत्या. पुस्तकात लिहिलंय ते खोटं आहे. खरं परक्याला सांगायचं नसतं.

मी लाल पेनाने शून्य काढलं, आणि जरा मोठंच काढलं. तेवढ्यावर ती नापास झाली.

दुसऱ्या दिवशी मावशी शिक्षकखोलीत आली. मी एकटाच होतो. हातातली बादली तिने दाराबाहेर ठेवली.

"सर, पोरीचं बरोबर आहे. मी खोटं सांगितलं होतं तुम्हाला."

"कुठलं?"

"मेलेल्या माणसाचं. ते सगळंच."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "का पण? मी काय घोडं मारलं होतं तुमचं?"

 मग तिने सांगितलं. तिच्या लहानपणी एक मोजणीवाला साहेब डोंगरात आला होता. फार गोड बोलायचा. तुमची गेलेली माणसं कुठे ठेवता, म्हणून त्याने तिच्या वडिलांना विचारलं, आणि पाहुणा रिकामा कसा पाठवायचा म्हणून वडिलांनी नेऊन जागा दाखवली. पुढच्या वर्षी तिथे दगडाची खाण निघाली.

"माझी आजी तिथे होती, सर. शाळेसमोरचा रस्ता आहे ना, त्याला तिथलीच खडी आहे. तेव्हापासून आमच्यात ठरलं. कुणी विचारलं तर रिकामा नाही पाठवायचा, पण खरं नाही द्यायचं."

मी रस्ता आठवला. रोज त्यावरूनच येतो. आणि तरीही, लाज वाटते सांगायला, त्या वेळी मला काळजी लागली होती ती पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीची. चार गुण वाढवून देणं माझ्या हातात होतं. मी दिले नाहीत. दिले असते तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण लिहिलं असतं तर पुस्तिका गेली असती, सत्कार गेला असता.

"तोंडी फेरपरीक्षा आहे," मी म्हटलं. "अधिकारी येतील. पुस्तकातलं पाठ म्हणायला सांगा तिला. दोन मिनिटांचं काम आहे."

"आईला जाऊन वर्ष नाही झालं तिच्या. तिला घुमायला कसं सांगू?"

"तुम्हीच सांगितलंय ना ते?" मी म्हटलं. मावशीने बादली उचलली आणि गेली.

फेरपरीक्षा मोठ्या बाईंच्या ऑफिसात झाली. टेबलामागे शिक्षणखात्याचे अधिकारी, बाजूला मोठ्या बाई, कडेला मी. मावशी दाराशी पाण्याचा ट्रे घेऊन उभी. अधिकारी हसऱ्या चेहऱ्याचे होते.

"घाबरायचं नाही हं. आपल्याच लोकांची माहिती सांगायची आहे. सांगायला जमत नसेल तर करून दाखव, चालेल आम्हाला."

काडीचे हात पाठीमागे बांधलेले, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"फेऱ्या कशा मारतात? आवाज कसा काढतात?"

गप्प. मोठ्या बाई म्हणाल्या, "ही मुलं अशीच. आपण कितीही करा." अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि कागद पुढे ओढला.

तेव्हा मावशीने ट्रे खाली ठेवला. "मी सांगते, साहेब."

आणि तिने सांगितलं. या वेळी भराभरा नाही. एकेक शब्द काढून दिल्यासारखा. काय करतात, कुणी करायचं, काय बोलायचं नसतं. पोरगी मध्येच "आजी" म्हणाली, एकदाच. मावशी थांबली नाही. शेवटी जागाही सांगितली: दोन ओढे मिळतात त्याच्या वरची राई. ती आणखी काय बोलली ते मी इथे लिहीत नाही. एकदा छापून झालंय, तेवढं पुरे.

अधिकारी भारावले होते. "सर, हे तुमच्या पुस्तिकेत कसं नाही?"

"दुसऱ्या आवृत्तीत घेतोय," मी म्हटलं. जीभ जराही अडखळली नाही.

"छान. मुलीला पास करून टाका. घरातली परंपरा आहे, तिला येतच असणार." आणि त्यांनी सही केली.

बाहेर व्हरांड्यात मावशी नातीच्या डोक्यावर हात ठेवायला गेली तर तिने डोकं काढून घेतलं.

"शिकशील आता," मावशी म्हणाली. "नर्स होशील."

"आई तिथे आहे, आजी. तुला ठाऊक होतं."

"तुझ्यासाठी सांगितलं, पोरी."

"मी मागितलं नव्हतं."

दुपारच्या गाडीने काडी ट्रंक घेऊन डोंगरात निघून गेली. नर्सिंगच्या शाळेचं पत्र आलं, त्याला कुणी उत्तर दिलं नाही. तिचं पास झाल्याचं प्रमाणपत्र अजून माझ्या कपाटात पडून आहे.

पुढच्या वर्षी सहल निघाली. कल्पना अधिकाऱ्यांची, धुरा माझ्याकडे. राईपर्यंत आता जीप जाते, त्यामुळे गुडघ्यांचीही सबब उरली नाही. मुलींना सोबत म्हणून मोठ्या बाईंनी मावशीला पाठवलं. ती नाही म्हणाली नाही. तिला निवृत्त व्हायला सहा महिने राहिले होते.

मुलं झाडांमधून पांगली. कुणी डबा उघडला, कुणी खोडावर नाव कोरायला घेतलं. मग कुणीतरी घुमलं. त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं आणि पाहता पाहता सगळी राई घुमायला लागली. नवीन आवृत्तीत ते काढलं होतं, पण पोरांच्या तोंडातून ते कोण काढणार?

मावशी एका झाडाला पाठ लावून उभी होती. तिथे ती कुणाला येऊ देत नव्हती. वरच्या कड्यावर पाचसहा डोंगरी माणसं येऊन थांबली होती, त्यांच्यात काडी. मावशीने हात वर केला. काडीने बघितलं, आमच्या मुलांकडे बघितलं, मग पाठ फिरवली, आणि तिच्यामागून बाकीचे गेले.

मावशीचा हात थोडा वेळ तसाच वर राहिला.

"मावशी," मी म्हटलं, "उशीर होतोय. बोलवा मुलांना."

तिने खाली वाकून दोन दगड उचलले आणि त्या झाडापाशी उभं राहून टोल द्यायला सुरुवात केली. सारख्या अंतराने, एकही न चुकता. हात अजून बसलेला होता.