थेंब, गोळ्या आणि नऊ गाठी

टपटप, टपटप, टपटप. घाटाच्या उतारावर मोकळा सुटलेला टांगा वाजतो ना, तसा आवाज. पण तो मी भोरच्या एका दवाखान्यात, एका माणसाच्या छातीत ऐकला. डॉक्टरांनी त्यांची नळी माझ्या कानात घातली आणि विचारलं, "काय ऐकू येतं?"

"साहेब, आत टांगा पळतोय!"

तेव्हापासून आमच्याकडं त्या दुखण्याचं नावच 'टांगा' पडलं. मी चौथी शिकलेला, त्या दवाखान्यात बाटल्या धुणारा, पुड्या बांधणारा माणूस. पण रिकाम्या बाटल्या कोपऱ्यात साठत जातात, तसे किस्सेही साठले. धुवायचे राहून गेले.

*

तो संस्थानचा काळ. बसल्या जागी माणसाची छाती एकदम पळू लागायची आणि तासाभरानं आपोआप थांबायची. त्यावर डॉक्टरांकडं दोन औषधं होती, डिजिटालिसचे थेंब आणि क्विनिडीनच्या गोळ्या. त्यांतलं कोणतं बरं, हे त्यांना बघायचं होतं. म्हणून प्रत्येकाला एक महिना थेंब, एक महिना गोळ्या. लिहिता न येणाऱ्याला मी सुताची दोरी द्यायचो. टांगा पळाला की एक गाठ मारायची.

वेल्ह्याकडच्या डोंगरातला धुळबा धनगर महिन्यानं आला, तो हात हलवत.

"दोरी कुठाय?"

"शेरडानं खाल्ली."

"अरे देवा! गाठी किती होत्या?"

"त्येलाच ठावं!"

*

वेल्ह्याचे मास्तर मात्र वही आणत. वार, वेळ, कारण, सगळं सुवाच्य. डॉक्टर मोठ्यानं वाचू लागले. सोमवार सकाळ, 'इन्स्पेक्टरसाहेब येणार असे कळले.' बुधवार दुपार, 'इन्स्पेक्टरसाहेब आले.'

"आणि थांबलं कधी?"

"साहेब जेवून गेले तेव्हा."

"मास्तर, थेंब तुमच्या इन्स्पेक्टरलाच पाजायला हवेत!"

*

पुढच्या खेपेला धुळबा आणि मास्तर बरोबरच आले. धुळबाच्या दोरीला एकच गाठ. डॉक्टर खूश.

"बघ, थेंबांनी गुण दिला!"

"थेंबांनी न्हवं, मास्तरांच्या गोळ्यांनी."

दोघांची वाट एकच. ओढ्याकाठी बसून दोघांनी थेंब आणि गोळ्या निम्म्या निम्म्या वाटून घेतल्या होत्या!

"अरे, जीव जाईल एखाद्याचा!" डॉक्टर ओरडले.

"संगट चालायचं आन् येगळं खायचं, बरं दिसतं व्हय?" धुळबा म्हणाला.

मास्तरांनी मान खाली घातली. "साहेब, भाकरीसुद्धा आम्ही अर्धी अर्धी करूनच खातो."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि मला सांगितलं, "उद्यापासून यांचे वार वेगळे कर."

*

आता गुंजवण्याच्या बैजाचं सांगतो. वीसेक वर्षांची पोर. भात लावता लावता चिखलात मटकन बसायची. तिची सासू गऊबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "हिला बाह्यरची बाधा झालीया. सुगीपतोर थांबलं न्हाई, तर म्हायारी धाडनार."

माहेर हिरडस मावळात. तिथून भावजयीचा निरोप आधीच आला होता, हितं जागा न्हाई.

बैजा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "दादा, चांगल्यातलं औशिद द्या."

मी थेंबांची बाटली दोनदा धुतली. दुसरं काय येत होतं मला?

थेंबांच्या महिन्यात सहा गाठी आल्या. मग गोळ्यांचा महिना लागला. दोरी गऊबाईंनी स्वतःच्या कनवटीला ठेवली. भात कापणीला आलं तेव्हा दोघी आल्या. बैजाचं गाठोडं दारात होतं. गुण नसला तर इथूनच माहेरी जायचं ठरलेलं.

गऊबाईंनी दोरी टेबलावर टाकली. नऊ गाठी!

डॉक्टरांचं तोंड उतरलं. "बैजा, नऊ वेळा?"

"न्हाई जी. येकदाबी न्हाई."

"खोटं बोलती!" गऊबाई कडाडल्या. "म्या सोताच्या हातानं बांधल्यात!"

"पण हिच्या छातीतलं तुम्हाला कसं कळलं?"

 गऊबाई छातीवर हात ठेवून बाकावर बसल्या. गळ्याची शीर थडथड उडत होती. डॉक्टरांनी नळी लावली, ऐकलं आणि मग माझ्या कानात दिली.

टपटप, टपटप, टपटप.

बैजा केव्हाच माठाकडं धावली होती. सासूच्या तोंडावर गार पाणी मारून ती म्हणाली, "आत्याबाय, भिऊ नगा. श्वास कोंडा आन् पोटातनं जोर करा. डाक्तरांनी मला शिकवलंय." तिनं त्यांचा हात घट्ट धरला. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वेळी माझ्या कानातला टांगा जागच्या जागी उभा राहिला.

 डॉक्टरांनी दोरी हळूच पुढं सरकवली. "गऊबाई, या गाठी तुमच्याच छातीच्या. ही दोरी तुमची. बैजाला आता नवी देतो."

गऊबाईंनी दोरी कनवटीला खोचली. पदरानं तोंड पुसलं. दारातलं बैजाचं गाठोडं उचलून आपल्या डोक्यावर घेतलं आणि गुंजवण्याच्या वाटेला लागल्या.