मास्तरांचं लोहचुंबक

दुकान इतकी वर्षं कसं चाललं असं कुणी विचारलं, तर कपडे शिवणारे मास्तर कात्रीकडे बोट दाखवत नसत, लोहचुंबकाकडे दाखवत. दोरीला बांधलेलं ते जाडजूड लोहचुंबक ते रोज संध्याकाळी दुकान आवरताना जमिनीवरून फिरवायचे, मशीनखाली, कपाटामागे, अगदी कानाकोपऱ्यात, आणि सांडलेल्या टाचण्या गोळा करायचे. अंगात ताप असो की दारात पाहुणे ताटकळत असोत, हा नेम काही चुकला नाही. "एकदा अंगवळणी पडलं की डोक्याला त्रास नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हाताखाली शिकायला येणाऱ्यांना काज करायला शिकवण्याआधी ते हेच शिकवत. काही जण कंटाळून पळाले. जे टिकले, त्यांची आज स्वतःची दुकानं आहेत.

घर दुकानाच्या मागेच होतं आणि आत जायची वाट दुकानातूनच. त्यामुळे मास्तरांची एकुलती एक मुलगी खेळून आली की उंबऱ्याबाहेर अडकायची. एका जागी पाय ठरत नसे म्हणून तिला घरात भिंगरी म्हणत. "थांब गं, अजून व्हायचंय," मास्तर आतून ओरडायचे. मग सगळं झालं की हाक यायची, "ये आता, भिंगरे!" आणि "आले बाबा!" म्हणत ती जी सुसाट सुटायची ती थेट स्वयंपाकघरात.

"टाचणीसुद्धा सोडवत नाही यांना, चिक्कू कुठले!" आई हसून म्हणायची. भिंगरीला ते खरंच वाटलं. मोठी झाल्यावरही बापाच्या चिक्कूपणाची ही गोष्ट ती मैत्रिणींना रंगवून सांगायची.

आई गेली, दुकान भिंगरीकडे आलं, आणि मास्तरांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटू लागली. आधी मापं गेली. मग गिऱ्हाइकं. मग बायको गेल्याचंही विसरले आणि "हिला यायला उशीर का झाला?" असं विचारू लागले. शेवटी एके सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्यांनी मुलीलाच विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?"

तेव्हापासून भिंगरीला एकच ध्यास लागला. एकदा, फक्त एकदा, बाबांनी आपल्याला नावानं हाक मारावी. तिनं जुने फोटो दाखवले, त्यांनीच शिवलेला लहानपणचा फ्रॉक मांडीवर ठेवला. मास्तर शिवण तपासून म्हणाले, "काम चांगलं आहे, बाई." गिऱ्हाइकाशी बोलावं तशी ती आदब. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटे.

लोहचुंबक मात्र सुटलं नव्हतं. संध्याकाळ झाली की हात आपोआप दोरीकडे जायचा. एकदा वाकता वाकता मास्तर तोल जाऊन पडले, टेबलाचा कोपरा कपाळाला लागून टाके पडले. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली. भिंगरीनं लोहचुंबक कपाटावर टाकलं आणि सुटकेचा निःश्वास सोडला. तिला बिचारीला वाटलं, वस्तू दिसली नाही की सवय जाईल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती चहा टाकायला आत गेली. परत येऊन बघते तर मास्तर गुडघ्यांवर बसून उघड्या तळव्यांनी जमीन चाचपत होते. एका तळव्यात टाचणी रुतली होती, रक्त येत होतं, आणि त्यांचं लक्षच नव्हतं.

भिंगरीचा पारा चढला. "चार टाचण्यांसाठी जीव द्यायचाय का, बाबा? नवीन डबी आणते मी!"

"टाचण्यांचं काय घेऊन बसलात, बाई?" मास्तर काकुळतीनं म्हणाले. "माझी पोर अनवाणी धावत येते. कितीदा सांगितलं, पायात चप्पल म्हणून घालत नाही. टोचेल ना तिला."

भिंगरी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. मग तिनं हळूच विचारलं, "नाव काय तिचं?"

"भिंगरी," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला.

इतके दिवस जे नाव ऐकायला ती आसुसली होती, ते आलं होतं. पण तिच्यासाठी नव्हतं.

तिनं त्यांचा हात धुऊन पट्टी बांधली. कपाटावरचं लोहचुंबक काढून दोरी त्यांच्या हातात दिली आणि कमरेला धरून ती त्यांच्याबरोबर दुकानभर फिरली. टाचण्या टकटक चिकटत होत्या. कपाटामागचा कोपरा तिनं घाईत सोडला, तर मास्तरांनी तिला मागे ओढलं.

सगळं झालं. मास्तर सरळ झाले आणि दाराकडे वळले. वाटेत भिंगरीच उभी होती.

"बाई, जरा बाजूला होता का?" ते म्हणाले. "ती केव्हाची बाहेर उभी आहे."

ती बाजूला झाली.

"ये आता, भिंगरे!" मास्तरांनी रिकाम्या पायरीकडे पाहून हाक मारली आणि वाट बघत उभे राहिले. त्यांच्या हाताशीच उभ्या असलेल्या भिंगरीच्या तोंडून 'आले बाबा' एवढंसुद्धा फुटेना.