धुऊन ठेवलेलं इंजिन

आमची लाल गाडी पाम बीच रोडवर बंद पडली तेव्हा नवरा तिला चांगलीच पळवत होता. इंजिनातला पट्टा तुटला, मोठा खडखडाट झाला आणि सगळं शांत झालं. पट्टा बदलायला झालाय हे मी त्याला वर्षभर सांगत होते. दर वेळी तो मित्रांना म्हणायचा, "आमच्या घरी एक मेकॅनिक आहे, पोळ्यापण लाटते." मित्र हसायचे. मीही हसायचे.

माझे वडील बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. शाळा सुटली की मी त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. ऑइल बोटांवर चोळून, त्याचा वास घेऊन इंजिनाची तब्येत कशी ओळखायची ते पप्पांनी मला शिकवलं. पुढे मी ऑफिसात नोकरीला लागले, लग्न झालं, नेरूळला फ्लॅट घेतला, आणि मला यातलं काही येतं हा घरातला विनोद होऊन बसला.

गाडी दिसायला भाजी आणायच्या गाड्यांसारखी लहानशी, पण आत सोळाशे सीसीचं इंजिन. तिच्यावर नवऱ्याचा फार जीव. कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलं होतं. करावे गावातल्या आमच्या गॅरेजवाल्याने इंजिन खोललं आणि सांगितलं की आत काही उरलेलं नाही, त्याच मॉडेलचं जुनं इंजिन मिळतं का बघू, मी सोबत येतो. नवऱ्याला वाटलं, याचं भंगारवाल्याशी कमिशन ठरलेलं असणार. तसं त्याने त्याच्या तोंडावर म्हटलं. गॅरेजवाला फडक्याला हात पुसत राहिला.

म्हणून शनिवारी आम्ही दोघंच कळंबोलीला गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या टायरांवर इंजिनं मांडून ठेवली होती. त्यात आमच्या गाडीची दोन होती. एक धुळीने आणि तेलाने माखलेलं, दुसरं धुऊन पुसून चकाचक. नवरा सरळ दुसऱ्याकडे गेला. मी पहिल्याचं ऑइलचं झाकण काढलं. आतून नुसतं काळं ऑइल, दुसरा कसला थर नाही. पान्याने फिरवून बघितलं, दाब चांगला होता. मी त्याला हाक मारली, म्हटलं, हे बघ जरा. तो भंगारवाल्याकडे वळून म्हणाला, "हिला काळं भांडं दिसलं की घासायला हात शिवशिवतात."

दोघं हसले. मला या वेळी हसायला जमलं नाही.

तो चकाचक इंजिनाचे फोटो काढून मित्रांना पाठवू लागला. मग भंगारवाल्याबरोबर कागद बघायला गेला, तेव्हा मी त्याही इंजिनाचं झाकण उघडलं. आतल्या बाजूने चहावरच्या सायीसारखा पांढरट, चिकट थर होता. म्हणजे ऑइलमध्ये पाणी गेलेलं. गाडी कुठेतरी पुरात बुडालेली असणार. मी पर्समधला रुमाल काढला, तो थर नीट पुसून घेतला आणि झाकण परत लावलं.

नवरा आला. चेहरा जरा नरम होता. म्हणाला, "खरं सांग, तुला काय वाटतं? पप्पांना एकदा फोन करू या का?"

लग्नाच्या चौदा वर्षांत त्याने असं पहिल्यांदा विचारलं होतं.

"तू ठरव," मी म्हणाले. "तुलाच कळतं त्यातलं."

तो खूश झाला.

गॅरेजवाल्याने इंजिन बघितलं आणि मान हलवली. "याचा मना भरवसा नाय वाटत. एकदा खोलून बगू का?" नवरा म्हणाला, गुपचूप बसव, बिल वाढवू नकोस. गॅरेजवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, साहेब सांगतायत तसं करा.

तीन आठवडे गाडी चालली. सकाळी नवरा ती सुरू करायचा तेव्हा मी गॅलरीत उभी राहून मागचा धूर बघायचे. तो रोज थोडा थोडा जास्त पांढरा होत होता, म्हणजे आत पाणी जळत होतं. ते बघून मला बरं वाटायचं. चहाही मग गोड लागायचा.

पेणला एक साखरपुडा होता. नवऱ्याने हौसेने कामोठ्याहून पप्पांना घेतलं आणि पुढे बसवलं. मी मागे. कर्नाळ्याच्या चढावर तापमानाचा काटा एकदम लाल रेषेपलीकडे गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं. इंजिन थांबलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचं पेडल कडक होतं. मागून ट्रेलर हॉर्न देत येत होता. नवऱ्याने दोन्ही हातांनी सगळी ताकद लावून गाडी कडेला घेतली. ट्रेलर अगदी चाटून गेला. पप्पांचे दोन्ही हात डॅशबोर्डवर होते आणि ते कितीतरी वेळ तसेच राहिले.

गाडी निवल्यावर पप्पांनी खाली उतरून झाकण काढलं. पांढरी साय बाहेर ओघळली. नवऱ्याचा चेहरा उतरला, आणि अपमान झाला की तो जसा बोलतो तसाच तो बोलला. "तुमच्या लेकीनेही बघितलं होतं हे इंजिन. काय शिकवलंत तिला?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघत होते.

"माझंच शिकवणं कमी पडलं असेल," ते म्हणाले.

संध्याकाळी मी त्यांना कामोठ्याला सोडायला गेले. ते स्वयंपाकघरात साबणाने हात धूत होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "झाकण उघडलं होतंस?"

"हो."

"थर होता?"

"होता. मी पुसला."

त्यांनी नळ बंद केला. "आणि मला पुढे बसू दिलंस."

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, असं मी म्हणाले. ते खरं होतं. पण ऐकताना ते खोट्यापेक्षाही वाईट वाटलं. पप्पा हात पुसून बाहेर जाऊन बसले आणि त्यांनी टीव्ही लावला.

गाडी होती तशी भंगारात गेली. त्यानंतर नवरा बदलला. गॅरेजवाल्याला जाऊन तो सॉरी म्हणाला. मित्रांसमोर आता तो मला विचारतो, आणि मी सांगते ते ऐकतो. नवी गाडी त्याने मला निवडायला लावली. मी साधी, सावकाश चालणारी घेतली. त्याने कुरकुर केली नाही.

पप्पा ती बघायला आले. छान आहे म्हणाले, आणि नवरा सोडायला येतो म्हणाला तरी रिक्षाने गेले. आमच्या गाडीत ते अजून एकदाही बसलेले नाहीत. नवऱ्याला वाटतं, कर्नाळ्याला आपण जे बोललो ते त्यांच्या मनाला लागलंय. त्यासाठी त्याने दोनदा त्यांचे पाय धरले. दोन्ही वेळा पप्पा म्हणाले, "असू दे, तुमचं काही चुकलं नाही." दोन्ही वेळा मी तिथेच उभी होते.