ट्यूबीतलं पाणी

“पहिले बूच काढ, मंग बोल,” द्रौपदाबाई ज्याला त्याला सांगायची. सून शेजारणीबद्दल बोलो की शेजारीण सुनेबद्दल, तिचं उत्तर एकच. हे बोलणं कुठून आलं, असं धरणगावकडच्या त्या गावात कुणी विचारत नसे. सगळ्यांना ठाऊक होतं.

एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यात दारूबंदीच्या बायांनी चिंधाला सायकलसकट धरलं. कॅरियरला मोटारीची फुगलेली ट्यूब बांधलेली. हातभट्टीची दारू तेव्हा ट्यूबीतूनच यायची. द्रौपदाबाईनं तव्याची काजळी आपल्या हातानं त्याच्या तोंडाला फासली, आणि डबे बडवत बायांनी त्याला गावभर फिरवलं. पारापाशी येऊन बूच काढलं, तर पाणी. नुकत्या उगवलेल्या कपाशीला तो पाणी नेत होता. मातीनं ते घटकेत पिऊन टाकलं. चिंधा तोंड न धुता तसाच नरडाण्याकडे कामाला निघून गेला, तो परतला नाही.

तेव्हापासून माठातलं पाणी ओतताना द्रौपदाबाईचा हात थबके. भरदुपारी, गाव आडवं झालेलं असताना, तिला डबे ऐकू येत.

तीन वर्षांनी अमळनेरला तिचा सत्कार ठरला. पितांबर मास्तरांनी पारावरच्या फळ्यावर ठळक लिहिलं : ‘एक्क्याण्णवच्या जनआंदोलनाच्या नेत्या’.

“मास्तर, ती धिंड व्हती,” फळा वाचून द्रौपदाबाई म्हणाली.

“अक्का, धिंड हा भट्टीवाल्यांचा शब्द. आपल्याला बदनाम करायला काढलेला. तो आपणच तोंडात घ्यायचा?”

“भट्टी फोडी, ते आंदोलन शे. चिंधाले फिरवं, ती धिंड.”

चिंधाची बायको वच्छलाबाई पाराखाली उभी होती. नवऱ्याचा निरोप तिनं मागेच द्रौपदाबाईला सांगितला होता : गाव त्याले आंदोलन म्हनस तोवर मी दारूवालाच शे. धिंड म्हना, मी घर येसू.

द्रौपदाबाईनं मास्तरांच्या हातातला खडू घेतला. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली वाकडी अक्षरं तिनं एकेक करून उमटवली : ‘चिंधाची धिंड मी काढली. ट्यूबीत पाणी होतं.’

“आता सत्कार होणार नाही, अक्का.”

“ना व्हवो.”

नरडाण्याची एसटी धरायला ती फाट्याकडे निघाली. मास्तरांनी ओलं फडकं उचललं, पण फळ्याला लावलं नाही. त्यातलं पाणी टपटप पारावर पडत राहिलं. दूर गेलेली द्रौपदाबाई मध्येच थबकली, डबे ऐकू आल्यासारखी. मग चालू लागली. वच्छलाबाई वळणापर्यंत तिच्याकडे बघत होती.