पलंगाच्या फळ्या

मी सुतार, आणि स्वभावानं तापट. प्रार्थनेतही माझं देवाशी भांडणच जास्त चालायचं. बालाघाटात आमची ख्रिस्ती मंडळी लहान. कुणी वारलं की पेटी आमच्या घरून जायची, हे वडिलांपासून चालत आलेलं. मी त्याला सेवा म्हणायचो, आणि खरं सांगतो, मनातल्या मनात मिरवायचोही. बायको सोबत असायची. फळी कापताना दुसरं टोक तीच धरायची. मग रंध्यातून निघालेले छिलपे पांढऱ्या अभ्र्यात भरून मयताच्या डोक्याखालची उशी करायची.

तिच्या पोटात गाठ निघाली. गोंदिया झालं, नागपूर झालं, उपास-प्रार्थना झाल्या. ती झिजतच गेली. कूस बदलवताना नुसती हाडं हाताला लागायची. एक दिवस म्हणाली, "माही पेटी तुमीच करजा. दुसऱ्याच्या हातची नोको." मी तिच्यावर ओरडलो, मग हौ म्हटलं. त्या दिवसापासून माझी प्रार्थना आतून बंद पडली. लोक विचारतील म्हणून रविवारी उपासनेला जायचो, ओठ हलवायचो आणि घरी यायचो.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. ऊन तापू लागलं होतं, संध्याकाळच्या आत माती देणं भाग होतं. सणामुळे लाकडाची आरा मशीन बंद, मालक गावी गेलेला. माझ्या शेडमध्ये माझं स्वतःचं असं तुकड्यांशिवाय काही नव्हतं. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "गोंदियाहून तयार पेटी मागवू या का?" मी नको म्हटलं. आत बाया तिला आंघोळ घालत होत्या आणि मी शेडमध्ये सुतळी घेऊन बसलो होतो. माप घ्यायला सुतळीचं एक टोक डोक्याशी धरावं लागतं, एक पायाशी. आजवर पायाशी ती बसायची. एवढं तुझं काम केलं आणि तिच्यासाठी तुझ्याजवळ चार फळ्या नाहीत, असं मी देवाला म्हटलं. आणखीही बोललो, ते लिहिण्यासारखं नाही.

सागाच्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, रंधा मारून तयार. पण त्या किरनापूरच्या एका माणसाच्या. पोरीच्या लग्नाचा पलंग करायला त्यानं घरचा साग आणून दिला होता. लग्नाचं लाकूड मयताला कसं लावायचं? मी तिकडे पाहणंही टाळत होतो.

आणि तोच माणूस दारात येऊन उभा राहिला. पलंग कुठवर आला ते पाहायला आला होता. कानामागे कालचा गुलाल तसाच. आमची ओळख एका भेटीची. अंगणातली गर्दी पाहून तो खाली बसला.

"कोन गेलं भाऊ?"

"घरवाली."

त्यानं माझ्या हातातली सुतळी पाहिली, मग शेडमध्ये नजर फिरवली. "लाकूड नाही वाटते."

मी मान हलवली. त्याची नजर भिंतीच्या फळ्यांवर थांबली. खिशातून फोन काढला, पुन्हा ठेवला. "हे काहून नाही घेत?"

"ते तुमच्या पोरीचं आहे."

"पोरीच्या लग्नाले वखत आहे. इले आजच जा लागते."

एवढंच बोलून तो उठला आणि फळी उचलली. आंघोळ आटोपली होती. आत जाऊन आम्ही माप घेतलं. पायाशी तो बसला. मग मी करवत चालवली आणि त्यानं दुसरं टोक धरलं. मी रडत होतो. रडू नका असं तो एकदाही म्हणाला नाही, फळी मात्र हलू दिली नाही. तिनं शिवून ठेवलेला एक अभ्रा ट्रंकेत उरला होता. मी उशीसाठी मागितले तेव्हा त्यानं जमिनीवरचे छिलपे गोळा केले, त्यातले खिळे वेचून काढले आणि मग माझ्याजवळ दिले. कबरस्तानात तो फाटकाबाहेर चपला काढून उभा राहिला. पाळकसाहेबांनी हात धरून आत आणलं, तेव्हा त्यानंही मूठभर माती टाकली.

पुढे आरा मशीन उघडल्यावर मी नवीन साग आणून पलंग केला. तो न्यायला आला तेव्हा माझ्या मनात सलत होतं ते विचारलं, घरी हे सांगितलं का? म्हणाला, "पोरीलेच पहिले सांगतलं. पोरगी म्हणे, बाबा, त्या काकूले नीट झोप लागली असन ना?"

तो गेल्यावर मी शेडमध्येच, भुशात, गुडघे टेकले. तिला का नेलं हे मला आजही कळलेलं नाही, आणि घर फार रिकामं आहे. पण त्या दिवशी मी देवाला शिव्या देत होतो, तेव्हा त्यानं पाठवलेला माणूस किरनापूरहून निघालेला होता, असं मी मानतो. अजूनही कुणी वारलं की पेटी मीच करतो. आता मिरवत नाही. करवत हातात घेण्याआधी दारात येऊन म्हणतो, कुणीतरी या, दुसरं टोक धरा. कुणी ना कुणी येतं. प्रभू, तुझे आभार.