कॉलेज नावाचं स्थळ

मुलगी द्यायची तर आधी घर बघतात, विहिरीचं पाणीसुद्धा चाखून येतात. मग चार वर्षं फी भरायची ते कॉलेज न बघता कसं ठरवायचं? असं आमच्या सासूबाईंचं म्हणणं.

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. आम्ही मुलुंडला राहायचो. वन्सं मॅट्रिकला होत्या, पुढे शिकायचंच म्हणून हटून बसलेल्या. मामंजींनी त्यांच्या लग्नाला बाजूला ठेवलेले पैसे तेवढे होते. ते फीला गेले की लग्न लांबणार. सासूबाई मला म्हणाल्या, "तू जाऊन बघून ये गं. तुला नसत्या चौकशा फार, कामी येतील."

मी चौथी शिकलेली, पुढचं सगळं पुड्यांच्या कागदांवर वाचलेलं. मला काय, पर्वणीच! शेजारची मुलगी मुंबईला त्या मोठ्या सरकारी कॉलेजात जायची, तिच्याबरोबर गेले.

वर्ग कसला, लग्नाचा मांडवच. मुली पुढच्या दोन बाकांवर, मागे सगळे मुलगे. मीही बसले, कुणी हटकलं नाही. प्रोफेसर आले, हजेरी घेतली ती नंबरांनी. मग पिवळे पडलेले कागद काढले आणि तास संपेपर्यंत इंग्रजीत वाचत राहिले. मान वर नाही. मी हळूच विचारलं, "यांना तुझं नाव ठाऊक आहे?"

"अहो वहिनी, माझा चेहरा तरी कुठे ठाऊक आहे!"

मग तिनं मला लायब्ररीत बसवलं, तिच्या कार्डावर एक मराठी पुस्तक काढून दिलं आणि पुढच्या तासांना गेली. धूमकेतूची शेपटी सूर्याकडे पाठ करून का असते, ते त्यात होतं. तुम्हाला ठाऊक होतं? मला नव्हतं.

संध्याकाळी तांदूळ निवडताना चौकशी सुरू झाली. मी होतं ते सांगितलं. मास्तर वाचून दाखवतात, पोरांना ओळखतसुद्धा नाहीत. वन्संनी मला असा चिमटा काढला की बास.

"मग एवढे पैसे कशाचे?" सासूबाई म्हणाल्या. "आणि तू दिवसभर काय केलंस?"

"पुस्तक वाचलं. तीन तास."

"मधे कुणी उठवलं नाही?"

"नाही."

"चहा टाक, दार बघ, काहीच नाही?"

"शिपाईसुद्धा फिरकला नाही, आई."

त्यांचा हात ताटातच थांबला. "तीन तास," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

तेवढ्यात मामंजी आले. चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "काय, कसं आहे कॉलेज?"

"भरून टाका फी."

"मास्तर बरे आहेत ना पण?"

"उत्तम आहेत," सासूबाई म्हणाल्या. "हिनं स्वतः ऐकलंय."

मी आपली मान खाली घालून निवडलेल्या तांदळात खडे शोधत राहिले.