मोगऱ्याच्या डब्यातला वाळा

लग्न होऊन सातपूरला आले तेव्हा माहेराहून मोगरा लावलेले पत्र्याचे दोन डबे घेऊन आले होते. दुसरं काही मी हट्टानं आणलं नव्हतं.

पहिल्याच नागपंचमीला सकाळी एका डब्याखालून वाळा साप निघाला आणि मोरीकडे सरकू लागला. वीतभर लांब, काळपट, चकचकीत. लांबून गांडूळच वाटावं. शेजारच्या काकू किंचाळल्या, "अगं बाई, साप! झोपेत कानात शिरतो हा!"

सासूबाई रॉकेलची बाटली घेऊनच आल्या. "ओत त्याच्यावर. आणि दोन्ही डबे नाल्यात रिकामे कर. दारात सापांची वस्ती नको मला."

आत भिंतीवर त्यांनीच गंधानं नाग काढला होता. पुढे दूध-लाह्या. त्या दिवशी आमच्याकडे विळी उघडत नाहीत, तवा ठेवत नाहीत, मातीत खुरपं घालत नाहीत. का, तर सापाला इजा होऊ नये.

"आई, भिंतीवरच्याला दूध आणि मोरीतल्याला रॉकेल?"

"तो देव आहे. हा किडा."

"मग किड्याला घाबरता कशाला?"

"सूनबाईंची जीभ बघा," काकू म्हणाल्या, "सापापेक्षा लांब!"

मी वाळा तळहातावर घेतला. माती बदलताना असे कितीतरी हाताला लागलेले. त्याचं तोंड एवढंसं, की मुंग्यांची नि वाळवीची अंडी-पिल्लं सोडून काही मावत नाही. डोळे म्हणजे नुसते दोन ठिपके. माती पाण्यानं भरली की वर येतो, एवढंच.

सगळ्यांदेखत मी तो कानाशी नेला. काकूंनी स्वतःचे कान झाकले. वाळा मात्र माझ्या बोटांच्या फटीत डोकं खुपसत राहिला. त्याला अंधार हवा होता.

"बघितलंत? आणि डबे रिकामे करायचे म्हणजे माती उकरायची. आज?"

सासूबाईंनी बाटली खाली ठेवली. "हात धू साबणानं. दिंडं उकडायची आहेत."

दुसऱ्या दिवशी खुरप्याला मनाई नव्हती. मी डब्यांशेजारीच भांडी घासायला बसले. सासूबाई दोनदा दारात आल्या, दोनदा आत गेल्या. डबे राहिले.

पुढे वाचलं, या सापांत नर नसतोच. कुंडीतल्या मातीबरोबर एकटी मादी नव्या गावात पोचली तरी वस्ती होते. मला नवल वाटलं नाही. सातपूर सोडलं तेव्हा डबे बरोबर घेतले. माती बदलली नाही.